एका माणसाची बॅग

सन दोन हजार तेवीस. पौष महिना चालू होता आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी आमच्या घरात एक काळी बॅग आली आणि मी तिच्याशी पहिल्या दिवसापासून वैर धरलं. वैर म्हणतो ते उगाच म्हणत नाही. भावकीतल्या माणसाशी धरावं तसं धरलं.

बॅग कॅमेऱ्याची. आणली सुनेनं.

आधी पेटीचं सांगतो. शिरूरला पेट्या ठोकणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून मी पत्र्याची पेटी करून घेतली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, झाकणाला हवेसाठी भोकं, आणि आतून माझ्या बापाच्या घोंगडीचे तुकडे. कॅमेऱ्याला वेगळा खण, फ्लॅशला वेगळा, सगळे मी माझ्या हातानं कापून बसवलेले. बाप मेंढरामागं हिंडणारा. मीही तिसरीनंतर शाळा सोडली आणि थोडी वर्षं तेच केलं. मग शिरूरच्या एका स्टुडिओत झाडलोट करता करता फोटो काढायला शिकलो. पुढं चाळीस वर्षं न्हावऱ्याच्या आसपास लग्न असो, बारसं असो, मयत असो, फोटोला बोलावणं मलाच यायचं. पेटी दोनदा एस्टीच्या टपावरून खाली पडली. पत्रा चेपला, पण आतली काच कधी फुटली नाही. लोकर ती लोकर.

पेटी भरली की एकट्याला उचलत नाही. एका कडीला एक माणूस लागतो, दुसऱ्या कडीला दुसरा.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं भांडण त्या दुसऱ्या कडीवरून झालं. डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून मला बारीक दिसत नाही, फोकस चुकतो. फोटो सून काढते. शिकवलं मी, पण दोन वर्षांत लोकांचे फोन तिच्याच नंबरावर यायला लागले. मुलगा रांजणगावला कंपनीत, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते, त्याला ह्या धंद्यात गोडी नाही. तेव्हा लग्नाला जायचं म्हणजे एक कडी सुनेच्या हातात आणि एक माझ्या. मांडवात मी लाईटचा स्टँड धरून उभा राहायचो. लोक म्हणायचे, "फोटोवाले आबा आले." पंगतीत आग्रह व्हायचा. माझ्याकडं तेवढंच उरलं होतं, आणि सून म्हणाली, पाठीवरची बॅग घेऊ, म्हणजे मला स्कूटीवर एकटीला जाता येईल.

एकटीला. तो शब्द तिनं अगदी सहज वापरला.

रागात असलो की मी सुनेशी थेट बोलत नाही. बायकोला सांगतो, आणि बायको शेजारीच उभ्या असलेल्या सुनेला सांगते. सूनही तसंच करते. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या, तेवढा मान ती तोंडानं ठेवते.

"तुझ्या सुनेला इचार, पेटीला काय झालंय?"

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटीला काय झालंय गं?"

"आत्या, मामांना सांगा, पेटीला काय बी झालं न्हाई. माझ्या खांद्याला झालंय."

"तिला सांग, मी चाळीस वरसं उचलली."

"त्यांना सांगा, चाळीस वरसं दुसऱ्या कडीला कुणी ना कुणी व्हतं. एकट्यानं कवा उचलली?"

बायकोनं भाकरी तव्यात टाकली आणि पिठाचा हात झटकला. "आता मी भाकरी करू का तुमचं टपाल वाटू? पोस्टमनला पगार तरी असतो."

सून मोबाईलवरून बॅग मागवणार होती. मी म्हटलं, हात लावल्याशिवाय बॅग घ्यायची नाही. चित्र बघून कुणी म्हैस घेतं का? दुकानात जाऊ, दौंडला जाऊ. माझ्या मनात वेगळंच होतं. दौंडला असली बॅग मिळणार नाही, मिळाली तर मी तिच्यात खोट काढीन आणि पेटी राहील. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चला. तुमीच निवडा मामा." मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

एस्टीनं गेलो. कारखाने चालू होते, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आमची गाडी एकीच्या मागं चौफुल्यापर्यंत बैलगाडीसारखी चालली. सुनेच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेली मोठी लेन्स. लांबून फोटो काढायची ती लेन्स, घरातली सगळ्यांत महागाची वस्तू. वहीचा एक कागदही होता. मी तिरक्या नजरेनं बघितलं. पेटीतल्या प्रत्येक खणाची लांबी-रुंदी तिनं पट्टीनं मोजून लिहिली होती. मी घरात नसताना माझ्या पेटीत पट्टी घालून बसली होती. मला ते घरफोडीसारखं वाटलं.

दौंडच्या दुकानात शाळेच्या दप्तरापासून लग्नातल्या सुटकेसपर्यंत सगळं टांगलेलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. कॅमेऱ्याची बॅग म्हटल्यावर त्यानं तीन प्रकार काढले. एक चाकाची पेटी, एक एका खांद्याची, एक पाठीवरची.

चाकाची मी लगेच बाजूला सारली. "लग्नं वस्त्यावर असत्यात. ढेकळातनं ही कोण वढणार?"

"बरोबर," सून म्हणाली.

ती माझ्या बाजूनं बोलली की मला जास्त राग येतो. एका खांद्याची तिनं स्वतःच नाकारली. एका बाजूला ओझं आलं की दुपारपर्यंत हात थरथरतो आणि फोटो हलतो, असं तिचं म्हणणं. खरं होतं, म्हणून मी ती दुकानदाराकडं परत सरकवली.

राहिली पाठीवरची. मी ती पायरीवर उजेडात आणली. आडवी केली, उलटी केली, बूड दाबलं, शिवण दोन्ही हातांनी ताणली, चेन चार वेळा उघडली आणि मिटली, नाक घालून वास घेतला.

दुकानदार म्हणाला, "आबा, बकरं घेताय व्हय? आता हिचे दात बघा म्हंजी झालं."

"बकऱ्याला तरी पळायची अक्कल असती. ही टांगली तिथं टांगून ऱ्हाती, तुमच्या गिऱ्हाइकागत."

"गिऱ्हाइकावर घसरू नका आबा, सकाळपासनं तुमीच पहिले हाय."

मी माझ्या बाटलीतलं पाणी बॅगेवर ओतलं. दुकानदार गल्ल्यामागून उठलाच. "अवो, अवो! पावसाचं कव्हर हाय तिला, खालच्या खिशात!"

"कव्हर काढूस्तवर पाऊस थांबतूय व्हय?"

पाणी दाण्यादाण्यानं खाली घरंगळलं. मी आत हात घातला. आतून कोरडी. मला वाईट वाटलं.

मग मी दुकानातलं कुलपांचं खोकं मागितलं, कुलपं टॉवेलात बांधून आत भरली आणि बॅग पाठीवर घेतली. छातीची पट्टी आवळली, कमरेची आवळली आणि चालून बघितलं. पायरीपासून रस्त्यापर्यंत दहा पावलं गेलो, दहा आलो. लहानपणी बाप मला घोड्यावर बिऱ्हाड लादायला शिकवायचा. ओझं घोड्याच्या पाठीला घासता कामा नये, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाठ सोलते, घोडं बसतं आणि त्याच्या मागं अख्खा वाडा, म्हणजे आमचा हिंडता तळ, मेंढरांसकट थांबतो. ओझं चांगलं लादलंय का वाईट, हे मला दहा पावलांत कळतं. कुलपांचं सगळं वजन कमरेवर बसलं होतं. पाठीला काही लागत नव्हतं. पेटीपेक्षा बॅग चांगली होती.

मी पट्ट्या सोडल्या आणि म्हटलं, "न्हाई."

"का न्हाई?" सून.

"पट्ट्या पातळ हायेत."

मी खोटं बोललो. पट्ट्या बोटभर जाड होत्या.

सुनेनं पिशवीतली लेन्स काढली, बॅगेच्या खणात ठेवली, चेन मिटली. लेन्स मापात बसली. मग माझ्याकडं न बघता दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या. मामांनी निवडली."

"मी कवा निवडली?"

"आत्ता. लादलेल्या घोड्यागत डौलात चालत व्हता. तुमचं तोंड मी बघितलं की."

दुकानदार हसला. त्या हसण्यावरून मी त्याला अजून माफ केलेलं नाही. परतीच्या गाडीत ती बॅग मांडीवर घेऊन खिडकीला बसली आणि मी तीन सीट मागं बसलो.

घरी आल्यावर मी बॅग उघडून बघत बसलो. आतल्या भिंती फोमच्या, चिकटपट्टीनं इकडं तिकडं लावायच्या. फोम मी ओळखतो. दोन उन्हाळे गेले की त्याचा भुगा होतो आणि तो काचेवर बसतो.

"तिला सांग, बॅग तिची. पर आतलं अस्तर मी घोंगडीचं लावणार."

"आत्या, सांगा त्यांना, लोकर झडती. एक केस कॅमेऱ्याच्या आत गेला तर फोटोभर डाग येत्यात. लावायचं न्हाई."

"चाळीस वरसं झडली न्हाई ती."

"तवा रोल व्हता मामा!" ह्या वेळी ती थेट बोलली. "रोल पुढं सरकायचा, त्याच्याबरुबर कचरा बी सरकायचा. आता आत जी काच हाय ती तीच ऱ्हाती. जुनं झालं तुमचं."

ते तिनं रोलबद्दल म्हटलं असेल. मी ते माझ्याबद्दल धरलं आणि आठवडाभर धरून ठेवलं.

संक्रांतीला सून स्कूटीवर माहेरी गेली. तिचं माहेर वरवंडच्या जवळ. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं दहा-बारा दिवस राहणार होती. भाच्याच्या बोरन्हाणाचे फोटो काढायला कॅमेरा आणि त्याला लावलेली लहान लेन्स घेऊन गेली. बॅग, मोठी लेन्स आणि फ्लॅश लोखंडी कपाटात ठेवून गेली. माघात पहिलं लग्न वरवंडच्या एका वस्तीवर होतं, मोठं घर होतं, ती माहेराहून परस्पर तिकडं जाणार होती. मुलगा आदल्या दिवशी बॅग पोचवणार होता.

ती गेली त्याच दिवशी मी कपाट उघडलं.

फोमच्या भिंती उपसून काढल्या. घरात एक कोरी घोंगडी होती, चिंचोक्याची खळ दिलेली, पुठ्ठ्यासारखी ताठ. तिचे तुकडे कापले, कडा शिवल्या, खण बांधले. काम सुरेख झालं, आजही म्हणतो. लेन्स लोकरीत अशी बसली जशी अंड्यात पिलू. पण कोऱ्या घोंगडीला, आणि त्यातून खळीच्या, कसर लवकर लागते. तो किडा लोकर खाऊन चाळण करतो. पेटीत मी कडुनिंबाचा पाला टाकायचो, पण पाल्याचा चुरा होतो आणि त्या चुऱ्यावरूनही सुनेनं एकदा तोंड सोडलं होतं. म्हटलं, ह्या वेळी तिला बोलायला जागाच ठेवायची नाही. बायकोच्या साड्यांतल्या डांबराच्या चार गोळ्या घेतल्या आणि लेन्सच्या वरच्या जाळीच्या खिशात टाकल्या. आमच्यात लोकर मिटवून ठेवायची तर गोळी टाकल्याशिवाय कुणी ठेवत नाही. शेंबड्या पोराला कळतं. मग चेन मिटली आणि कपाट लावलं. माझी पेटी हवेशीर होती, तिला भोकं होती. आणि ही बॅग पाणीसुद्धा आत घेत नव्हती, हे मीच दौंडच्या पायरीवर बघितलं होतं. तेवढं डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाला कंपनीत डबल ड्युटी लागली. सुनेचा फोन आला. बायकोनं फोन माझ्याकडं दिला.

"मामा, बॅग कशी येणार?"

"मी आणतो."

"आना. पर उघडू नका."

मला आनंद झाला, लपवत नाही. माझ्याशिवाय अडलंच शेवटी. सकाळच्या एस्टीनं बॅग पाठीवर आणि लाईटचा स्टँड हातात घेऊन निघालो. गाडीत जागा होती तरी खाली ठेवली नाही.

मांडव घरासमोरच घातलेला. मुहूर्त दुपारचा. नवरीचा चुलता सगळा कारभार बघत होता. फेटा बांधलेला, उंचापुरा, आवाज असा की त्याला माईक कशाला दिला कळत नव्हतं. त्यानं सुनेला आधीच बजावलं होतं की मंगलाष्टकाला फोटोवाल्यांनी स्टेजवर चढायचं नाही, लोकांना नवरा-नवरी दिसत नाहीत, नुसत्या फोटोवाल्यांच्या पाठी दिसतात. सुनेनं कबूल केलं होतं. मोठी लेन्स आहे, खालून लांबून काढते, म्हणाली होती. त्याच घरी धाकटीचंही लग्न जमत आलं होतं, त्याचंही काम बोलून ठेवलेलं.

मी बॅग तिच्यापुढं ठेवली. तिनं चेन ओढली आणि वास बाहेर आला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. सुनेनं आधी घोंगडी बघितली. मग लेन्स काढली, टोपण काढलं, उजेडात धरली.

काच पांढरी झाली होती. थंडीत काचेवर फुंकर मारल्यावर होते तशी, पण ती जात नव्हती. तिनं मऊ कापडानं पुसली तर तेलकट ओरखडे उठले. मागच्या बाजूची काचही तशीच.

"मामा, ह्यात काय टाकलंय?"

"गोळ्या."

"कसल्या?"

"डांबराच्या. लोकरीला कसर लागती."

तिनं जाळीच्या खिशात बोट घालून एक गोळी काढली. निम्मी विरघळून गेली होती. उरलेली निम्मी कुठं गेली ते आम्हा दोघांना समोर दिसत होतं.

"किती दिवस?"

"तू गेलीस त्या दिवसापासनं."

मी तयार होतो. ती ओरडेल, मग मी ओरडीन, मांडवात तमाशा होईल. तिनं लेन्स उन्हात ठेवली, पाच मिनिटं थांबली, परत बघितलं. तीच गत. मग कॅमेऱ्याला होती ती लहान लेन्स तशीच ठेवली आणि उठली. मला म्हणाली, "लाईट धरा."

लहान लेन्सला जवळ जावं लागतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला, आणि सून स्टेजवर चढली. लोक मागून बोलायला लागले. कोणी म्हणालं, ए बाई, वाक की. कोणी अक्षता तिच्याच पाठीत मारल्या. चुलता खालून बघत होता. शेवटचं मंगलाष्टक झालं, टाळ्या झाल्या, हार पडले, आणि तो सरळ आमच्याकडं आला. माझ्या हातात स्टँड होता. तिच्यात आणि माझ्यात चार हातांचं अंतर असेल.

"बाई, आपलं ठरलं काय व्हतं?"

"खालून काढायचं."

"मंग?"

"लेन्स बिघडली. चूक माझी हाय. आदल्या दिवशी तपासायला पायजे व्हती."

"तपासायला पायजे व्हती! आमच्या पाव्हण्यांनी लगीन बघितलं का तुझी पाठ बघितली?" चार-सहा माणसं जमली. त्याला आणखी चढलं. "ह्यासाठी म्हणतो, असली कामं बायामाणसांच्या हातात दिली की हेच व्हतं. धाकटीच्या लग्नाला आमी दुसरा बघतो." मग माझ्याकडं वळला आणि आवाज उतरवला. "आबा, तुमच्या वक्ताला असं कवा झालं न्हाई. माझ्या लग्नात तुमीच व्हता. कुठं उभं राहिलात ते कुणाला दिसलं बी न्हाई."

मी म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. तिची चूक नाही, लेन्स मी घालवली, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर माणसं उभी होती, ती सगळी माझ्याकडं मानानं बघत होती आणि मला बरं वाटत होतं. मी स्टँडची कळ घट्ट केली, ती आधीच घट्ट होती. चुलता निघून गेला. पंगतीत मला आग्रह झाला. मी जेवलो. जिलबी परत घेतली.

सगळं आटोपल्यावर मी तिला स्कूटीपाशी गाठलं.

"माझं नाव का घेतलं न्हाईस?"

ती कॅमेरा पदराच्या टोकानं पुसत होती. "घिऊन काय व्हणार व्हतं? म्हातारं माणूस, चुकलं, जाऊ द्या, म्हणले असते."

"मला दया नगं तुझी."

"दया कोण करतंय मामा? फोटोवाल्या आबांची सून म्हणून मला कामं मिळत्यात. तुमचं नाव गेलं तर माझं काय ऱ्हातं? तुमचं नाव माझ्या उपयोगाचं हाय, म्हणून राखलं. लई हुरळू नका." बॅगेतले घोंगडीचे तुकडे एकेक उपसून तिनं माझ्या हातात दिले. "आन् हितनं पुढं ह्या बॅगला हात लावायचा न्हाई. आत्याच्या तोंडानं न्हाई, माझ्या तोंडानं सांगते."

तिनं बॅग पाठीवर घेतली, दोन्ही पट्ट्या आवळल्या आणि निघून गेली. मी घोंगडीचे तुकडे काखेत घेऊन हायवेला एस्टीची वाट बघत उभा राहिलो. तुकड्यांना डांबराचा वास येत होता. एक माणूस माझ्यापासून लांब सरकला.

घरी पोचलो तेव्हा सून आधीच आलेली. बायको म्हणाली, "लेन्स खराब झाली म्हणं."

"काय म्हणली ती?"

"खराब झाली म्हणली. आणखी काय न्हाई." मग माझ्या काखेकडं बघितलं, नाक उडवलं. "माझ्या साड्यांतल्या चार गोळ्या गेल्यात कपाटातनं. मी इचारलं न्हाई कुणाला. इचारू का?"

मी बाहेर अंगणात जाऊन बसलो. मला सुनेचा राग येत होता, आणि तो खोटा राग नव्हता. तिनं मला सगळ्यांसमोर झोडलं असतं तर मी उलटून चार शब्द बोललो असतो आणि हिशेब मिटला असता. तिनं माझी चूक उचलून स्वतःच्या पाठीवर टाकली आणि मला मोकळा सोडला. लहान पोरानं मुतलेलं आई पुसते तसं. मेंढरामागं असताना माझं मेंढरू कुणाच्या पिकात गेलं तर मार मी खायचो. बापसुद्धा मध्ये पडायचा नाही. माझा मार दुसऱ्यानं खाल्ला असं एकाहत्तर वर्षांत झालं नव्हतं आणि ते माझ्याच सुनेनं करून दाखवलं. तिच्यासाठी मी काही केलं असं कुणी समजू नये. मला ते ओझं तिच्याकडं राहू द्यायचं नव्हतं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं मी वरवंडला गेलो. घरात कुणाला सांगितलं नाही.

वस्तीवर मांडव उतरवत होते. बायका मोठी पातेली राखेनं घासत होत्या. चुलता फेटा नसल्यामुळं निम्मा वाटत होता, बाजेवर चार पाहुण्यांबरोबर चहा पीत बसलेला. मला बघून उठला.

"या आबा, या. काय राहिलं का? ए, च्या आणा."

"च्या नगं. काल लेन्स बिघडली ती माझ्या हातानं. बॅगेत लोकर मी घातली, डांबराच्या गोळ्या मी टाकल्या, तिला न इचारता. गोळ्यांनी काच गेली. ती माहेरी व्हती, तिला ठाऊक बी नव्हतं. म्हणून तिला स्टेजवर चढावं लागलं. तिची चूक न्हाई."

पातेली घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक पाहुणा हसायला लागला आणि त्यानं ते खोकल्यावर नेलं.

"गोळ्या?" चुलता म्हणाला. "कॅमेऱ्यात?"

"व्हय."

"मग काल का बोलला न्हाई?"

"काल तुमी माझं कौतुक करत व्हता."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही आणि मला विचारायचंही नव्हतं. मग खाली बसला, बशी उचलली, परत ठेवली. "बायामाणसाला मी चार लोकांत बोललो," तो म्हणाला. "बरं, धाकटीचं काम तिलाच सांगतो. पर आबा, राग मानू नका. तुमी कामाला येऊ नका. पाव्हणे म्हणून या. निवांत बसा, जेवा."

पाहुण्यांनी माना हलवल्या. त्यांना ते मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं वाटलं, पण ते मागायला मीच तिथपर्यंत गेलो होतो.

"ती एकटीच यील," मी म्हटलं. "तिला दुसऱ्या माणसाची गरज न्हाई."

चहा आला तो मी घेतला नाही. वळलो, पातेल्यांमधून वाट काढत रस्त्यावर आलो आणि न्हावऱ्यावरून शिरूरकडं जाणाऱ्या गाडीला हात केला.